चारित्र्य पडताळणी आणि चौथे शील



सरकारी नोकरीसाठी आपली मुले-मुली रात्रीचा दिवस करून अभ्यास करतात. लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असे एकेक उंबरठे ओलांडल्यावर निवडीचे पत्र घरात येते. पेढे वाटले जातात, विहाराच्या फलकावर अभिनंदन लागते. या आनंदाच्या गडबडीत एका कागदाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो कागद म्हणजे अटेस्टेशन फॉर्म, म्हणजेच चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणीसाठी उमेदवाराने स्वतःच्या हाताने भरून द्यायचा नमुना. तो घाईत, कोणाच्या तरी ऐकीव सल्ल्याने भरला जातो, आणि पुढे वर्ष-दोन वर्षांनी तोच कागद हातातली नोकरी घेऊन जातो. एका रकान्यात लिहिलेला ‘नाही’ हा दोन अक्षरी शब्द त्याला पुरेसा असतो.

हा प्रश्न कायद्याचा आहे, तितकाच शीलाचा आहे. म्हणून या स्मरणिकेत त्याचा थोडा अभ्यास मांडण्याचे योजले आहे.

पडताळणी कशाची होते?

ठाणे ते कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून रोज लोकलने कामावर जाणाऱ्यांत सुरक्षेशी संबंध असलेल्या खात्यांतील माणसे पुष्कळ आहेत. अंबरनाथची आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, तेथीलच नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, मुंबईची नौदल गोदी, रेल्वे, पोलीस, विमानतळ अशी कितीतरी नावे घेता येतील. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारावरची पाटी बदलली, पडताळणी तशीच राहिली.

फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, शिक्षण, आईवडिलांची माहिती, गेल्या पाच वर्षांत कोठे कोठे राहिलात त्याचे पत्ते आणि ओळख देणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे विचारलेली असतात. त्यानंतर खरा रकाना येतो. तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर खटला भरला गेला आहे काय? स्थानबद्ध केले होते काय? बंधपत्र घेतले होते काय? न्यायालयाने दंड केला आहे काय? शिक्षा झाली आहे काय? एखाद्या परीक्षेतून किंवा विद्यापीठातून काढून टाकले आहे काय? एखादे प्रकरण आज न्यायालयात पडून आहे काय? खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे ही स्वतंत्र अपात्रता ठरेल, असा इशारा फॉर्मच्या माथ्यावरच छापलेला असतो. फॉर्म दिल्यानंतर असे काही घडले तर तेही कळवावे, अशी सूचनाही असते.

हा कागद पुढे जिल्हा प्रशासनाकडे व पोलिसांकडे जातो. आपल्याकडे तो ठाणे पोलीस आयुक्तालयामार्फत स्थानिक पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतो. तेथले रेकॉर्ड पाहतात, घरी शिपाई येतो, शेजाऱ्यांना विचारतो. अधिक संवेदनशील खात्यांत प्रश्नावली मोठी असते. नातेवाईक, परदेशाशी संबंध, पूर्वीच्या नोकऱ्या यांचाही तपशील मागतात.

खाजगी वागणुकीशी सरकारचा काय संबंध?

पुष्कळांना वाटते की आपण काम चोख केले म्हणजे झाले. घरी कसे वागतो, कोणाचे देणे लागतो, याच्याशी साहेबाला काय करायचे? सुरक्षेच्या खात्यांत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्याचे गुपित दुसऱ्याच्या मुठीत, तो माणूसही त्याच्याच मुठीत. सावकाराच्या कर्जात बुडालेला, जुगाराच्या किंवा दारूच्या नादी लागलेला, घरच्यांपासून चोरून संबंध ठेवणारा माणूस मनाने दुष्ट असतो असे मुळीच नाही. पण त्याला दबावाखाली आणणे सोपे असते. शत्रूचा हस्तक माणसाची देशभक्ती मोजत बसत नाही, तो त्याची दुखरी नस शोधतो.

मे २०२३ मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन संस्थेच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला आणि मे २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील एका तरुण अभियंत्याला दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. समाजमाध्यमांवर स्त्रीच्या नावाने ओळख वाढवून गोपनीय माहिती काढून घेतली गेली, असा या प्रकरणांतील आरोप आहे. खरेखोटे न्यायालयातच ठरायचे, पण धोका कोणत्या वाटेने येतो हे त्यावरून समजते.

म्हणूनच केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मध्ये सचोटीच्या नियमाबरोबर नेहमीचे कर्जबाजारीपण टाळण्याचा, पती-पत्नी हयात असताना दुसरे लग्न न करण्याचा, कामावर दारूच्या अमलाखाली न राहण्याचा आणि मालमत्तेचा हिशेब देण्याचा नियम आहे. बँकांच्या भरतीतही उमेदवाराचा कर्जफेडीचा इतिहास चांगला असावा, अशी अट आता घातली जाते. हप्त्यावर घेतलेला मोबाइल आणि थकवलेले कर्ज यांची नोंद कोठेतरी होत असते, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

पंचशीलाकडे या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की अदत्तादान, मिथ्याचार, मृषावाद आणि मद्यपान या चारही गोष्टी पडताळणीत येतातच. भगवंतांनी त्या सुरक्षा खात्यासाठी सांगितल्या नाहीत. माणूस दुसऱ्याच्या विश्वासाला पात्र कशाने होतो, ते सांगितले. सरकारलाही नेमके तेच हवे असते.

संघात विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशापूर्वी प्रश्न विचारण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारायचे प्रश्न आले आहेत. तुला अमुक रोग आहेत काय? तू स्वतंत्र आहेस काय? तुझ्यावर कर्ज आहे काय? तू राजाच्या चाकरीत आहेस काय? आईवडिलांची संमती आहे काय? वय वीस वर्षे पूर्ण आहे काय? अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा पडताळणीचा नमुनाच म्हणायला हवा. राजाच्या सैनिकांना प्रव्रज्या देऊ नये हा नियम बिंबिसार राजाच्या विनंतीवरून झाला, असेही तेथे सांगितले आहे.

त्यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. भर संघात एकदम प्रश्न आल्यावर उमेदवार गांगरून जात, त्यांना उत्तर देता येत नसे. तेव्हा असे ठरले की त्याला आधी बाजूला नेऊन प्रश्न नीट समजावून सांगावेत, आता खरे बोलण्याची वेळ आहे हे सांगावे, आणि मग संघापुढे आणावे. समजावणे हे जाणत्यांचे काम, खरे बोलणे हे त्याचे काम.

दुसरी गोष्ट संघादिसेस आपत्तींची. भिक्षूच्या हातून असा दोष घडला तर त्याला सहा रात्रींचे मानत्त हे प्रायश्चित्त आहे. परंतु तो दोष त्याने जाणूनबुजून लपवला असेल, तर जितके दिवस लपवला तितके दिवस परिवास आधी भोगावा लागतो. म्हणजे दोषाचे माप वेगळे आणि लपवण्याचे माप वेगळे. लपवण्याचे माप दिवसागणिक वाढत जाते. आजच्या न्यायालयांनी जे सांगितले ते समजून घ्यायला यापेक्षा चांगला दाखला सापडणार नाही.

भगवंतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी दिलेला उपदेशही सर्वांना ठाऊक आहे. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, मग ते ओतून टाकून, भांडे पालथे करून त्यांनी सांगितले की जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण असेच असते. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात भिक्षू व उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे धम्मग्रंथ नमूद केले, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे.

न्यायालयांनी काय सांगितले?

सर्वोच्च न्यायालयापुढे या विषयाचे खटले वर्षानुवर्षे येत आहेत. २००३ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटनेतील एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचे प्रकरण निकाली निघाले. त्याच्यावर फौजदारी प्रकरण चालू असताना त्याने फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहिले होते. आपले शिक्षण हिंदीतून झाले, इंग्रजी रकान्याचा अर्थ कळला नाही, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने ते प्रकरण पुढे मागेही घेतले होते. तरीही न्यायालयाने त्याला सेवेतून काढणे योग्य ठरवले. पदवीधर शिक्षकाला प्रश्न कळला नाही हे पटत नाही, आणि प्रकरण नंतर मागे घेतले म्हणून त्या दिवशी लिहिलेले खोटे उत्तर खरे होत नाही, असा त्याचा मथितार्थ.

या विषयावरील मुख्य निकाल २१ जुलै २०१६ चा, ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ हा तीन न्यायमूर्तींचा. त्यातील सूत्रे सोप्या भाषेत अशी:

१. अटक, खटला, सुटका, शिक्षा यांबद्दलची माहिती खरीच दिली पाहिजे.

२. दडवलेली गोष्ट अगदी किरकोळ असेल, जसे कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा, आणि ती सांगितली असती तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर ती चूक माफ करण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला आहे.

३. खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नोकरी देणाऱ्याचा हक्क कायम राहतो; नेमणूक केलीच पाहिजे असे त्याच्यावर बंधन नाही.

४. किरकोळ प्रकरण चालू असून ते खरेपणाने सांगितले असेल, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते.

५. एकाहून अधिक चालू प्रकरणे जाणूनबुजून दडवली असतील, तर नेमणूक रद्द करणे योग्य ठरू शकते.

६. सेवेत कायम झालेल्या माणसाला खात्याची चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही.

७. फॉर्ममधील प्रश्न स्पष्ट हवा. जे विचारलेच नाही ते दडवले असे म्हणता येत नाही, आणि उमेदवाराला जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष त्याच्यावर लादता येत नाही.

यानंतर मे २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या बाबतीत न्यायालयाने म्हटले की किरकोळ प्रकरण दडवले एवढ्यावरून सरसकट काढून टाकणे योग्य नाही, सर्व परिस्थिती पाहावी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलासंबंधीच्या निकालात गणवेशधारी दलांकडून अधिक कडक सचोटीची अपेक्षा सांगितली गेली. म्हणजे दार किलकिले आहे, पण त्यातून आत जाता येईलच या भरवशावर कोणी खोटे लिहू नये.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तिसरे सूत्र कडू आहे. खरे लिहूनही नोकरी मिळाली नाही, असे होऊ शकते. आईने धुणीभांडी करून शिकवलेल्या मुलाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे, असे वाटते. पण खरे लिहून नोकरी मिळाली नाही तर दुसऱ्या परीक्षेचे दार उघडे राहते. खोटे लिहून मिळालेली नोकरी गेली, तर पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये त्या बडतर्फीचाही रकाना भरावा लागतो.

आपल्या घरांतील प्रश्न

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आंदोलनांतील गुन्ह्यांचा. नामांतराच्या लढ्यापासून आपली तरुण पिढी रस्त्यावर उतरत आली. २००६ मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडाने आणि पाठोपाठ कानपूरच्या पुतळा विटंबनेने महाराष्ट्र पेटला. उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन जाळली गेली ती याच वेळी. ३ जानेवारी २०१८ च्या बंदचे पडसादही ठाणे-कल्याण पट्ट्यात उमटले. अशा वेळी ज्यांनी दगड उचललाही नाही अशांची नावे गुन्ह्यात येतात. कोरेगाव भीमा प्रकरणानंतरचे बरेच गुन्हे मागे घेतल्याचे राज्य सरकारने २०२० मध्ये जाहीर केले. पण ‘मागे घेतला’ याचा अर्थ ‘झालाच नव्हता’ असा होत नाही. फॉर्ममध्ये ‘कधी’ हा शब्द आहे. तेव्हा गुन्हा, कलम, पोलीस ठाणे आणि ‘शासनाने मागे घेतला’ ही वस्तुस्थिती लिहावी. अन्यायाविरुद्ध घोषणा दिल्याची लाज वाटण्याचे कारण नाही. लपवल्याने मात्र ती लाजेची गोष्ट होऊन बसते. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाला त्याच्या पूर्वीच्या राजकीय कामावरून नोकरीतून काढले होते. ते घटनेला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले आहे.

दुसरा प्रश्न चॅप्टर केसचा. चाळीतल्या भांडणात दोन्ही बाजूंना पोलीस ठाण्यात नेतात, चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतात, आणि घरी येऊन मुलगा म्हणतो, ‘केस काही झाली नाही.’ फॉर्ममधील ‘बंधपत्र’ हा शब्द नेमका त्यासाठीच आहे.

तिसरा प्रश्न रेल्वेचा. तिकीट नसताना टीसीला जागेवर भरलेली जादा रक्कम हा न्यायालयाचा दंड नव्हे. पण रूळ ओलांडताना पकडून रेल्वे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले आणि तेथे दंड झाला, तर तो न्यायालयाने केलेला दंड आहे. प्रकरण क्षुल्लक असते; लिहिले तर त्याने सहसा काही बिघडत नाही.

चौथा प्रश्न धर्म आणि जातीच्या रकान्याचा. घरी बौद्ध, शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार, असे कितीतरी घरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे भीतीने काही वेगळे लिहिण्याचे कारण उरलेले नाही. आपल्या जातीच्या प्रमाणपत्राशी व पडताळणीच्या कागदाशी जुळेल तेच लिहावे, आणि दाखल्यात फरक असेल तर तो सांगावा. खोट्या जातदाव्यांना आळा घालणारी पडताळणी समित्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये घालून दिली, ती ठाण्याच्या आदिवासी विकास अपर आयुक्तांच्या निर्णयावरून गेलेल्या खटल्यात. दुसऱ्याने आपला हक्क खोट्या कागदाने पळवला तर आपण चिडतो. तेव्हा आपलाही कागद स्वच्छ हवा.

परदेशातील पद्धत

अमेरिकेत गोपनीय कामासाठी ‘एसएफ-८६’ नावाचा फार मोठा फॉर्म भरावा लागतो. तेथे पात्रता ठरवण्याची तेरा सूत्रे आहेत. त्यांतील एक केवळ वैयक्तिक वर्तनाचे, म्हणजे अप्रामाणिकपणा व माहिती दडवण्याचे आहे. २०१७ पासून लागू असलेल्या या सूत्रांत सवलतीची बाजूही आहे. चूक जुनी असेल, किरकोळ असेल, किंवा कोणी पकडण्यापूर्वी माणसाने आपणहून दुरुस्त केली असेल, तर ती जमेस धरतात, आणि एका चुकीवरून नव्हे तर संपूर्ण माणूस पाहून निर्णय घेतात. देश वेगळा, कायदा वेगळा, पण दोष आणि लपवणूक यांची मापे तेथेही निरनिराळीच आहेत.

फॉर्म भरताना

फॉर्म स्वतः वाचावा. इंग्रजी शब्द अडला तर जाणत्याला विचारावे. एजंटाच्या हाती कोरा फॉर्म सही करून देऊ नये.

आपल्यावर काही नोंद आहे काय, याची शंका असल्यास आधी पोलीस ठाण्यात व न्यायालयात चौकशी करावी. प्रथम खबरी अहवालाची प्रत आणि निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. रकाना अपुरा पडला तर वेगळा कागद जोडावा.

प्रकरण अठरा वर्षांच्या आतले असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ चे संरक्षण आहे. काय लिहावे ते वकिलाला विचारूनच ठरवावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी जाता येते.

पासपोर्टच्या अर्जातही हीच काळजी घ्यावी. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती देण्यास किंवा महत्त्वाची माहिती दडवण्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चुकीचे लिहून गेले असेल तर अहवाल येण्याची वाट न पाहता नेमणूक अधिकाऱ्याला लेखी कळवावे व पोच घ्यावी. बँकेच्या खतावणीत चुकलेली नोंद खोडायची नसते. तारीख घालून, सही करून उलट नोंद करायची असते. चूक दिसते, पण तिच्याशेजारी दुरुस्तीही दिसते, आणि हिशेब तपासणाऱ्याला तेवढे पुरते.

विहाराचे काम

अंगुलिमालाचे हात रक्ताने माखलेले होते. तरी भगवंतांनी त्याला जवळ केले, आणि पसेनदी राजाला तो कोण आहे हे न लपवता सांगितले. ओळख सांगूनच त्याला अभय मिळाले. आपल्या मुलांच्या हातून घडलेल्या गोष्टी त्या मानाने किती लहान आहेत! त्यांना गरज आहे ती बाजूला नेऊन प्रश्न समजावून सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांची. ‘लिही नाही, कोण बघतंय’ असे सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, एखादे निवृत्त कर्मचारी आणि एखादे वकीलबंधू तासभर बसले आणि निवड झालेल्या मुलांचे फॉर्म त्यांच्यासमोर भरले गेले, तर त्याला खर्च काहीच येणार नाही. पंचशील आपण दर रविवारी तोंडाने म्हणतो. त्यातले चौथे शील त्या तासात मुलांच्या लेखणीत उतरेल, आणि त्यांची नोकरी कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे, त्यांच्या स्वतःच्या खऱ्या शब्दावर उभी राहील.

जय भीम.